हाडाची तारीख लिहिता, तशी नसेचीही लिहा : पुण्यातल्या अस्थिरोगतज्ज्ञांना खुलं पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधले अस्थिरोगतज्ज्ञ, तसंच अपघात विभागात ड्यूटी करणारे सर्व निवासी डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सिंहगड रस्त्याला माझं लहानसं क्लिनिक आहे आणि तुम्ही जोडलेली हाडं पुढच्या मेहनतीसाठी माझ्याकडे येतात. हाडांबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्लेट सरळ, स्क्रू जागच्या जागी. एक्स-रे उजेडासमोर धरला की 'वा' म्हणावंसं वाटतं. म्हणणं आहे ते डिस्चार्ज कार्डाबद्दल. टाके कधी काढायचे, पुढचा एक्स-रे कधी, वजन कधी उचलायचं, सगळ्याच्या तारखा त्यावर असतात. आणि सगळ्यात खाली, घाईच्या अक्षरात, 'हाताला पॉवर कमी, फिजिओ चालू ठेवणे.' तारीख नाही.

पेशंटला तोंडी सांगितलेलं वाक्यही मला आता पाठ झालंय. "नस सुजलीय, येईल हळूहळू." पुष्कळदा ती येतेही. पण ज्याची येणार नसते त्यालाही हेच सांगितलेलं असतं, आणि तो बिचारा त्या भरवशावर सहा-आठ महिने घरी बसतो. हे पत्र त्या सहा-आठ महिन्यांबद्दल आहे.

पुण्यात दुचाकी किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. नवले पुलाचा उतार, चाकणला शिफ्ट सुटायची वेळ, पहिल्या पावसात बुळबुळीत झालेला रस्ता. गाडी घसरते आणि माणूस खांद्यावर आपटतो. खांदा खाली दाबला जातो, डोकं उलट्या बाजूला फेकलं जातं, आणि मानेतून काखेकडे जाणारं नसांचं जाळं, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, दोन्हींच्या मधे ताणलं जातं. सी-५ ते टी-१ अशी त्याची पाच मुळं. ढोबळमानाने बोलायचं तर वरची दोन खांदा उचलतात आणि कोपर वाकवतात, मधलं कोपर आणि मनगट सरळ करतं, खालची दोन पंजा चालवतात. खांद्यावर पडलेल्याची वरची मुळं आधी जातात. पडता पडता कशाला तरी धरलं आणि हात वर खेचला गेला, तर खालची. वेग फार असला तर पाचही. तुम्हाला पहिल्या वर्षाचा धडा शिकवतेय असं वाटलं तर माफ करा. हे पत्र पेशंटच्या घरची माणसंही वाचतील म्हणून सविस्तर लिहितेय.

हेल्मेटवरून आपल्या शहरात जेवढी भांडणं झाली तेवढी दुसरीकडे क्वचितच झाली असतील. हेल्मेट घातलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण मान आणि खांद्याच्या मधल्या वीतभर जागेवर कसलंच कवच नसतं. माणूस डोक्यावरून निभावतो, शुद्धीवर येतो, कॉलरबोनचं ऑपरेशन होतं, आणि सगळे हुश्श करतात तेव्हा कुणाच्या तरी लक्षात येतं की हात हलतच नाहीये.

नसेची इजा एका जातीची नसते. ब्रिटिश सर्जन सेडन यांनी १९४३ मध्ये तिचे तीन प्रकार मांडले, ऑस्ट्रेलियाचे नसतज्ज्ञ सुंदरलँड यांनी १९५१ मध्ये ते पाच केले. तिनाचाच हिशेब इथे पुरे. पहिल्यात नस आतून शाबूत असते, फक्त संदेश अडतो. काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत हात परत येतो. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात पण त्यांच्या नळ्या शिल्लक राहतात, आणि त्या नळ्यांतून तंतू पुन्हा वाढत जातात. तिसऱ्यात नसच तुटते, तिच्या टोकाशी व्रणाची गाठ होते, आणि शस्त्रक्रियेशिवाय वाट उरत नाही. या तिन्हींपलीकडे ॲव्हल्शन. भुईमुगाचा वेल उपटावा तसं मूळ मज्जारज्जूतूनच उपटून येतं. ते आपोआप परत जोडलं जात नाही; मालिशने नाही, इंजेक्शनने नाही, करंटने तर नाहीच.

पहिल्या दिवशी हे सगळे हात सारखेच दिसतात, लुळे. त्यामुळे थोडं थांबून बघणं चूक नाही, हे मलाही मान्य आहे. प्रश्न किती थांबायचं हा आहे.

तुटलेला तंतू वाढतो तो रोज साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर. मानेजवळच्या इजेपासून दंडातल्या बायसेप्सपर्यंत वीस-पंचवीस सेंटिमीटर धरा. सात-आठ महिने झाले. पंजातल्या बारीक स्नायूंपर्यंत साठ-सत्तर सेंटिमीटर, म्हणजे दोन वर्षं. इकडे नसेवाचून पडून राहिलेला स्नायू सुकत जातो, त्यात चरबी भरते, आणि बारा ते अठरा महिन्यांनंतर नस त्याच्यापर्यंत पोचली तरी तो तिला दाद देत नाही. आता समजा, सहा महिने वाट पाहून पेशंट नर्व्ह सर्जनकडे गेला आणि त्यांनी मानेत ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडच्या नसेचा तुकडा, घातला. सहा आणि आठ, चौदा. काठावर आलो. नवव्या महिन्यात गेला तर सतरा. पंजाचं गणित तर मोठ्या माणसात बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी हरलेलं असतं, आणि म्हणूनच खांदा आणि कोपर वाचवायची संधी दवडणं मला जास्त लागतं.

नसांची शस्त्रक्रिया करणारे सर्जन हेच सांगतात: तीन महिन्यांत डेल्टॉइड (खांद्यावरचा स्नायू) आणि बायसेप्समध्ये काहीच जान आली नाही, तर निर्णय घ्या, तीन ते सहा महिने ही सगळ्यात चांगली मुदत, नऊ महिन्यांनंतर निकाल घसरत जातात. मुळं उपटल्याची खूण दिसत असेल तर तीन महिन्यांचीही वाट बघू नका.

त्या खुणेबद्दल सांगते. पार्सल पोचवणारा एक मुलगा माझ्याकडे आला तो अपघाताला नऊ महिने होऊन गेल्यावर. डावा हात पँटच्या पट्ट्यात अंगठा अडकवून ठेवलेला. असा अडकवला नाही तर चालताना हात झुलतो आणि खांदा ओढला जातो, म्हणून या पेशंटांनी स्वतःच शोधलेली युक्ती आहे ही. कॉलरबोन छान जुळलेलं. मी त्याला खिडकीकडे तोंड करून बसवलं तर डावी पापणी किंचित खाली आलेली आणि डावी बाहुली उजवीपेक्षा स्पष्ट लहान. आई म्हणाली, "अपघातापासून त्याची झोप पुरी होत नाही, म्हणून डोळा असा दिसतो." तुम्हाला वेगळं सांगायला नको. हॉर्नर, म्हणजे पापणी आणि बाहुली सांभाळणारी नस गेल्याची खूण. टी-१चं मूळ उपटल्याची चिठ्ठी त्याच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवसापासून लावलेली होती. कार्डावर डोळ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी कार्ड दोनदा वाचलं.

मला कल्पना आहे, रात्री अडीच वाजता स्ट्रेचरवर तीन पेशंट असतात, एकाचं पोट फुटलेलं असतं, आणि हात हलतो की नाही हे बघायला कोणाला सवड असते? पण दुसऱ्या दिवशीच्या राउंडला दोन मिनिटं निघतात. खांदा उचलायला सांगू नका, फ्रॅक्चरमुळे तो ओरडेल. डेल्टॉइडवर बोट ठेवून नुसतं 'कोपर बाहेर ढकल' म्हणा, स्नायू बोटाखाली ताठरतो की नाही ते कळतं. कोपर वाकवणं, मनगट वर करणं, मूठ, बोटं फाकवणं. स्पर्श खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, अंगठ्याला, मधल्या बोटाला, करंगळीला. नाडी, कारण एवढ्या जोराच्या ओढीत जवळची धमनीही फाटू शकते. आणि दोन्ही डोळे. मग तारीख आणि वेळ घालून लिहा. ऑपरेशनच्या आधी लिहिलंत तर तुमचाही फायदा आहे: उद्या कोणी म्हणालं की नस ऑपरेशनमध्ये गेली, तर तुमच्याच अक्षरातला कागद तुमच्या बाजूने बोलेल. आणि भरपाईच्या दाव्यात विम्याच्या वकिलाने विचारलं, हाताचा हा त्रास अपघाताचाच कशावरून, तर पेशंटच्याही बाजूने.

तपासण्यांचंही एक सांगायचं आहे. चौथ्या दिवशी केलेली एनसीव्ही, म्हणजे नस करंट कसा वाहून नेते ते मोजणारी तपासणी, घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि रिपोर्ट 'नॉर्मल' असल्याचं आनंदाने दाखवतात. तुटलेल्या नसेचा खालचा तुकडाही काही दिवस करंट वाहून नेतो; तिसऱ्या आठवड्याच्या आधी त्या कागदाला फारसा अर्थ नसतो. दुसरा फसवा रिपोर्ट याहून वाईट. हाताला सुई टोचली तरी कळत नाही, पण एनसीव्हीत संवेदनेच्या नसा उत्तम! घरच्यांना वाटतं, देव पावला. खरं तर उलट आहे. मूळ उपटलं गेलं तरी संवेदनेच्या तंतूंच्या पेशी मणक्याजवळच्या गाठीत शाबूत राहतात, त्यामुळे हातातली नस जिवंत दिसते. तुटलाय तो मज्जारज्जूशी असलेला संबंध. हा 'चांगला' आकडा वाईट बातमी असतो. तसंच दुखण्याचं. बधिर पंजात आग आग होते, मधूनच विजेचा लोळ गेल्यासारखी कळ येते, आणि शेजारीपाजारी सांगतात, "दुखतंय म्हणजे नस जिवंत आहे." अशी जळजळ बहुतेक वेळा मुळं उपटल्याची असते. तिला प्रीगाबालिन, गाबापेंटिन, अमिट्रिप्टिलिनसारखी वेगळी औषधं लागतात, साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ती हटत नाही. कॉलरबोनच्या वर टिचकी मारल्यावर हातात मुंग्या गेल्या, तर मात्र थोडी आशा धरा; निदान एक मूळ अजून मज्जारज्जूला जोडलेलं आहे.

काही जण म्हणतील, पाठवून तरी काय होतं? होतं. १९९४ मध्ये फ्रान्सच्या ओबर्लिन यांनी दंडातल्या अल्नर नसेचा एक छोटा पदर काढून बायसेप्सच्या नसेला जोडायची रीत मांडली. जोड स्नायूच्या अगदी जवळ, त्यामुळे तंतूला मानेपासून चालत यावं लागत नाही. काही महिन्यांत स्नायू जागा होतो. माझ्या टेबलावर हे बघणं हा या व्यवसायातला मोठा आनंद आहे. सुरुवातीला पेशंटला नुसतं 'कोपर वाकव' म्हणून काही होत नाही. मी त्याच्या हातात स्पंजचा चेंडू देते आणि मूठ आवळायला सांगते. मूठ आवळली की बायसेप्स थरथरतो, कारण ती नस कालपर्यंत मूठ आवळत होती. बरगड्यांच्या नसा वापरल्या असतील तर खोल श्वास घेतल्यावर, खोकल्यावर कोपर वाकतं. एक काका शिंकले आणि त्यांचाच हात त्यांच्या छातीवर येऊन आदळला, तेव्हा ते स्वतःच दचकले. मग महिनोन्महिने सराव केला की मेंदू नवी वाट शिकतो, आणि श्वास न घेता चहाचा कप तोंडापर्यंत जातो. खांद्यासाठी मानेतली स्पायनल ॲक्सेसरी नस, डेल्टॉइडसाठी ट्रायसेप्सच्या नसेची फांदी वापरतात. फक्त वरची मुळं गेलेल्या माणसाला वेळेत शस्त्रक्रिया मिळाली तर कोपर वाकवण्याइतकी ताकद बहुतेकांना परत मिळते. पाचही मुळं उपटलेल्याला खोटं सांगू नये. त्याचा पंजा पूर्वीसारखा होत नाही. पण कोपर आणि थोडा खांदा मिळाला तरी एका हाताने पिशवी दाबून दुसऱ्याने उघडता येते, आणि अंघोळीला आईला हाक मारावी लागत नाही. उशिरा आलेल्यांसाठी मांडीतला ग्रॅसिलिस स्नायू दंडात बसवणं, टेंडनची जागा बदलणं, खांदा पक्का करणं हे मार्ग उरतात. ते कामाचे आहेत, पण खर्च मोठा आणि मिळणारं कमी.

खर्चावरून आठवलं. केंद्राच्या २०२५च्या कॅशलेस योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला दीड लाखापर्यंत उपचार मिळतात, मुदत अपघातापासून सात दिवस. जीव वाचवायला उत्तम. नसेची शस्त्रक्रिया मात्र आठव्या दिवशी नसते, आठव्या-बाराव्या आठवड्यात असते. हे तुमच्या हातात नाही. पण तुमच्या संघटना सरकारी बैठकांना जातात; तिथे हा मुद्दा निघाल्याचं माझ्या तरी कानावर आलेलं नाही. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून या शहरात आहे. हातपाय गमावलेल्यांना उभं करण्याची परंपरा पुण्याला आहे, त्याचा मला अभिमानही आहे. ज्याचा हात जागेवर आहे पण लोंबतो, तो कोणत्याच रांगेत नीट बसत नाही.

आमच्या धंद्याबद्दलही बोलायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईंना फक्त डॉक्टर दिसतात. करंटचं मशीन लावून महिनोन्महिने पैसे घेणारे आमच्यात आहेत. करंटने स्नायू क्षणभर आखडतो, पेशंटला वाटतं जान येतेय, आणि घरचेही समाधानाने बघत बसतात. त्याने तुटलेली नस जुळत नाही. आमचं खरं काम दुसरं: बोटांचे आणि खांद्याचे सांधे आखडू न देणं, खांदा निसटू नये म्हणून झोळी नीट बांधायला शिकवणं, बधिर हात तव्याला आणि सायलेन्सरला भाजू नये म्हणून बजावणं, दर पंधरवड्याला ताकद मोजून लिहून ठेवणं, आणि आकडा हलत नसेल तर 'आता माझ्याकडे येऊ नका, सर्जनकडे जा' असं स्पष्ट सांगणं.

अपघात नसतानाही अशी नस जाते, ते थोडक्यात. रात्रीतून खांद्यात असह्य कळ, झोप उडवणारी. काही दिवसांनी कळ ओसरते आणि हात उचलेनासा होतो, पाठीवरचं पातं बाहेर येतं. कधी आधी ताप किंवा ऑपरेशन झालेलं असतं. पार्सोनेज आणि टर्नर यांनी १९४८ मध्ये वर्णन केलेला हा आजार आपल्याकडे सर्रास फ्रोझन शोल्डर किंवा मानेचा मणका म्हणून खपतो. फरक सोपा आहे: फ्रोझन शोल्डरचा हात दुसऱ्यानेही उचलला जात नाही, यात कळ ओसरल्यावर मी उचलला तर वर जातो, पेशंटकडून जात नाही. बहुतेक जण सुधारतात, पण त्याला एक ते तीन वर्षं लागू शकतात, आणि थोडी कसर पुष्कळांत राहते. दंडाचं हाड मोडून मनगट पडलं आणि जखम बंद असेल, तर बहुतेकांचं तीन-चार महिन्यांत आपोआप उचलायला लागतं. तिथे धीर धरणं योग्यच. दंडात चुकीच्या जागी टोचलेल्या इंजेक्शननेही मनगट पडतं, हे जाता जाता कंपाउंडरांच्या कानावर घाला. तंबाखू ओढणाऱ्या माणसाला खांद्यापासून करंगळीपर्यंत कळ आणि पापणी खाली, तर मानेच्या पट्ट्याआधी छातीचा एक्स-रे, कारण दुखणं फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या गाठीचं असू शकतं. आणि बाळंतपणात खांदा अडकलेल्या बाळाचा हात: बहुतेक बाळं बरी होतात, पण तिसऱ्या महिन्याला कोपर वाकत नसेल तर 'मोठं झालं की होईल' म्हणून घरी पाठवू नका.

आता मागणी. अपघातानंतरच्या पहिल्या तपासणीत हात लुळा आढळला, तर डिस्चार्ज कार्डावर दोन तारखा लिहा. एक सहा आठवड्यांची, त्या दिवशी तुम्ही स्वतः डेल्टॉइड आणि बायसेप्स पुन्हा बघाल. दुसरी अपघातापासून तीन महिन्यांच्या आतली, तोपर्यंत हालचाल नसेल तर ईएमजी (स्नायूतली विजेची हालचाल बघणारी तपासणी) आणि एमआरआय घेऊन पेशंट नर्व्ह सर्जनसमोर बसलेला असेल. डोळ्याची खूण दिसली तर पहिल्या तारखेचीही वाट न बघता चिठ्ठी द्या. गावाकडून आलेल्या माणसाला 'हळूहळू' म्हणजे किती हे कळत नाही, तारीख कळते. ती तो कॅलेंडरवर गोल करून ठेवतो, आणि कोणी टाळलं तर कागद पुढे करतो.

कार्डावर जागा नसते, हे उत्तर मला अपेक्षित आहे. म्हणून पेठेतल्या एका शिक्केवाल्याकडून रबरी शिक्के करून घेतलेत. मजकूर एवढाच: 'नस तपासणी दि. ____ / हालचाल नसल्यास नर्व्ह सर्जन दि. ____ पूर्वी.' कार्डाच्या पाठीमागे बसतो. ज्यांना हवा असेल त्यांनी पुढचा पेशंट पाठवताना चिठ्ठीवर तसं लिहा, त्याच्याच हाती पाठवून देईन. शाईचा पॅड तुमचा.

आपली,
सिंहगड रस्त्यावरची एक फिजिओथेरपिस्ट
पुणे